युरोपात गाडी चालवताना टोल कसा भरायचा: म्युनिक, मिलान, झुरिक आणि परत

खालापूरच्या नाक्यावर आपण करतो तरी काय? वेग कमी करतो, दांडा वर जातो, आणि घाट लागायच्या आत मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज येतो. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून टोल ही भरायची गोष्ट राहिलीच नाही, ती कापली जायची गोष्ट झाली. हीच सवय घेऊन युरोपात स्टिअरिंगवर बसलात की फसायला होतं. तिथे बहुतेक ठिकाणी तुमच्या खात्याला कुणी आपणहून हात लावत नाही, तुम्ही भरायचं असतं. आणि नाका दिसला नाही म्हणजे टोल नाही, असंही नाही.

आमचं नेमकं हेच झालं. इटलीत एका मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावरून वीस मिनिटं गेलो. नाका नाही, दांडा नाही. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "बघा, इथे फुकट आहे." घरी आल्यावर चार महिन्यांनी भाड्याच्या गाडीवाल्यांनी क्रेडिट कार्डावर ४८ युरो लावले. टोल चार युरोंच्या आतला होता. बाकीची रक्कम म्हणजे आमचं नाव-पत्ता सरकारी यंत्रणेला कळवण्याची त्यांची फी. टोल महाग नसतो, न भरलेला टोल महाग असतो. तेव्हापासून मी सहलीच्या प्रत्येक रात्री दहा मिनिटं उद्याचा रस्ता नकाशावर बघते आणि एकच प्रश्न विचारते: उद्या स्टिकर, तिकीट की कॅमेरा?

हा लेख मी एका खऱ्या वाटेभोवती लिहिते आहे. म्युनिकला गाडी घ्यायची, ऑस्ट्रियातून ब्रेनर खिंडीने इटलीत उतरायचं, गार्डा, फ्लॉरेन्स, मिलान करून स्वित्झर्लंडमध्ये शिरायचं आणि झुरिकवरून परत म्युनिकला यायचं. आपल्याकडची बरीच कुटुंबं याच वर्तुळाचा काही ना काही भाग करतात. आणि टोलचे सगळे प्रकार या एका वाटेवर भेटतात.

निघण्याआधी भारतातच करायच्या गोष्टी

कार्ड. निदान दोन वेगळ्या बँकांची क्रेडिट कार्डं हवीत, आणि दोन्हींवर आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि टॅप करून पैसे भरण्याची सोय बँकेच्या ॲपमधून चालू केलेली हवी. आपल्याकडे नवीन कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो, तो आपण चालू करायचा असतो. हे विमानतळावर नाही, घरी बसून करा. फॉरेक्स कार्ड हॉटेलात, दुकानात छान चालतं. टोलच्या बिनमाणसाच्या यंत्रावर मात्र ते अधूनमधून नाकारलं जातं, तेव्हा एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, कारण ऑनलाइन भरताना ओटीपी त्याच नंबरवर येणार.

सुट्टे पैसे. वीस-तीस युरोंची नाणी आणि पाच-दहाच्या नोटा एका छोट्या डबीत घालून पुढच्या सीटवरच्या माणसाकडे द्या. आमच्याकडे लोणच्याची रिकामी बरणी होती. वास शेवटपर्यंत गेला नाही, पण बरणी कामाला आली.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून काढून घ्या. त्याचा टोलशी संबंध नाही, पण इटलीत पोलिसाने थांबवलं तर तो आणि मूळ लायसन्स दोन्ही दाखवावे लागतात.

गाडीच्या काउंटरवर

इथे आपण दमलेले असतो, विमानातून नुकतेच उतरलेले असतो, आणि समोरचा माणूस इन्शुरन्स विकत असतो. तरीही चार गोष्टी विचारल्याशिवाय किल्ली घेऊ नका.

एक, ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये ही गाडी न्यायला परवानगी आहे ना, आणि ते करारात लिहिलं आहे ना? दोन, गाडीवर कुठल्या देशाचा टोल-स्टिकर आधीच आहे का? जर्मनीतल्या भाड्याच्या गाडीच्या काचेवर कधीकधी चालू वर्षाचा स्विस स्टिकर निघतो, तेवढे ४० फ्रँक वाचतात. तीन, आमच्या नावाने टोलची किंवा दंडाची नोटीस आली तर तुमची फी किती? ही फी प्रत्येक नोटिशीमागे लागते आणि बहुतेक करारांत बारीक अक्षरांत दडलेली असते. चार, टोलचं यंत्र भाड्याने देता का, आणि ते रोजच्या भाड्यावर आहे की वापरलं त्या दिवसाचं? दहा दिवसांच्या सहलीत दोनच दिवस टोलचे असतील तर रोजचं भाडं परवडत नाही.

मग गाडीपाशी जाऊन नंबरप्लेटचा फोटो काढा. हा फोटो पुढचे दहा दिवस तुमचा फास्टॅग आहे. सगळे डिजिटल टोल नंबरप्लेटला जोडलेले असतात आणि एक अक्षर चुकलं तरी भरलेले पैसे न भरल्यासारखे होतात. जर्मन प्लेटवर आधी शहराची अक्षरं, मग एक-दोन अक्षरं, मग आकडे. त्यामुळे आकड्यांच्या भागातला गोल म्हणजे शून्य, त्याआधीचा गोल म्हणजे ओ. गाडी विजेवरची किंवा प्लग-इन हायब्रिड असेल तर आकड्यांनंतर शेवटी एक 'ई' असतो. तोही नंबरचाच भाग आहे, तो गाळू नका. फॉर्ममध्ये गाडीच्या नोंदणीचा देश विचारतात. तिथे तुम्ही भारतीय असलात तरी गाडी जर्मन आहे, हे लक्षात ठेवा. हसू नका, ही चूक होते.

टोलचे प्रकार, थोडक्यात

पहिला प्रकार, काळाचा टोल. ठरावीक दिवसांसाठी पैसे भरा, मग महामार्गावर कितीही फिरा. याला व्हिन्येट म्हणतात. पूर्वी तो काचेवरचा स्टिकरच असायचा, आता नंबरप्लेटवर डिजिटलही मिळतो. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया या गटात. दुसरा, अंतराचा टोल. शिरताना तिकीट घ्या, बाहेर पडताना पैसे भरा. इटली आणि फ्रान्स. तिसरा, एखाद्या बोगद्याचा, पुलाचा किंवा घाटाचा वेगळा टोल, जो व्हिन्येट असला तरी लागतो. चौथा सगळ्यात फसवा. नाकाच नाही, वर कॅमेरे, आणि नंतर तुम्ही आठवणीने ऑनलाइन भरायचं. लंडनजवळची डार्टफर्डची थेम्सवरची वाट, डब्लिनभोवतीचा एम५० रस्ता, सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल हे सगळे याच जातीचे. डार्टफर्डला दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत असते, डब्लिनला दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत. दुबईतही सालिक या तिथल्या टोलयोजनेचे कॅमेरेच असतात, पण तिथे गाडीवाला स्वतः भरून तुमच्या बिलात लावतो, म्हणून डोक्याला ताप नसतो.

जर्मनीत छोट्या गाड्यांना टोल नाही. सरकारने तो आणायचा घाट घातला होता, पण २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने हाणून पाडला. म्हणून म्युनिकहून निघताना पहिला तासभर खिशाला धक्का नाही.

पाट्यांचे रंगही आधीच समजून घ्या. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये महामार्गाची पाटी निळी असते, इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये हिरवी. म्हणजे इटलीत हिरव्या पाटीमागे गेलात की टोलच्या रस्त्यावर आणि निळ्या पाटीमागे गेलात की बिनटोलच्या. सीमा ओलांडताना डोकं उलटं करावं लागतं.

ऑस्ट्रिया: दोन वेगळे टोल

म्युनिकहून इन्सब्रुककडे जाताना कुफस्टाइनजवळ सीमा लागते. सीमेपासून कुफस्टाइन-स्यूड या बाहेर पडण्याच्या जागेपर्यंतचा थोडासा तुकडा व्हिन्येटमधून वगळलेला आहे. त्याच्यापुढे एक मीटर गेलात तरी व्हिन्येट हवा. तो एक दिवसाचा, दहा दिवसांचा, दोन महिन्यांचा आणि वर्षाचा मिळतो. दहा दिवसांचा साधारण १२-१३ युरोंना, एक दिवसाचा ९-१० युरोंना. किमती दर वर्षी महागाईप्रमाणे थोड्या चढतात. एक आणि दहात इतका कमी फरक आहे की ऑस्ट्रियात पुन्हा पाय ठेवायची जराही शक्यता असेल तर दहाचाच घ्या.

तो घ्यायचा कुठे? ऑस्ट्रियाचे महामार्ग सांभाळणारी सरकारी कंपनी ॲसफिनाग. तिच्या स्वतःच्या ॲपवर किंवा साइटवर नंबरप्लेट, देश, तारीख आणि कार्ड एवढंच भरायचं असतं. पाच मिनिटांचं काम. गूगलवर शोधलंत तर वरती जाहिरातीत मध्यस्थांच्या साइट दिसतात, अगदी सरकारी वाटाव्यात अशा. त्या खऱ्याच व्हिन्येट देतात, फक्त वर आपली दलाली लावतात. ॲसफिनागचं नाव नीट वाचून मगच पैसे भरा. एक बारीक मेख: दोन महिन्यांचा किंवा वर्षाचा व्हिन्येट ऑनलाइन घेतला तर तो लगेच चालू होत नाही, त्याला अडीच आठवड्यांची वाट बघावी लागते, कारण ग्राहकाला खरेदी रद्द करायची मुदत असते. एक आणि दहा दिवसांचे मात्र लगेच चालू होतात.

कागदी स्टिकर हवा असेल तर सीमेअलीकडच्या पेट्रोल पंपांवर मिळतो. घेतलात तर काचेला चिकटवा. डॅशबोर्डवर ठेवलेला, टेपने लावलेला किंवा पाकिटात जपून ठेवलेला स्टिकर नसल्यातच जमा, आणि दंड शंभर युरोंच्या वर असतो.

आता दुसरा टोल. इन्सब्रुकपासून ब्रेनर खिंडीपर्यंतचा ए१३ महामार्ग व्हिन्येटमध्ये येत नाही. त्याचा वेगळा टोल आहे, एका दिशेला बारा युरोंच्या आसपास. श्योनबेर्गला मोठा नाका आहे, तिथे कार्ड किंवा रोख चालतं. किंवा आदल्या रात्री ॲसफिनागवरच त्याचं डिजिटल तिकीट काढा आणि नाक्यावर त्यासाठी राखलेल्या लेनमधून थांबा न घेता जा. शनिवारी सकाळी अर्धं जर्मनी इटलीकडे निघालेलं असतं, तेव्हा हे तिकीट फार बरं वाटतं. नाक्याच्या जवळच युरोपा पूल लागतो, दरीपासून १९० मीटर उंच, १९६३ पासूनचा. ड्रायव्हरने खाली बघू नये, बाकीच्यांनी जरूर बघावं.

"टोल टाळा" हे गूगल मॅपचं बटण दाबून जुन्या घाटरस्त्याने जायचा मोह होतो. टिरोल प्रांताने याला चाप लावला आहे. सुट्टीच्या मोसमात शनिवार-रविवारी महामार्ग सोडून गावांतून जाणाऱ्या परक्या गाड्यांना पोलीस परत महामार्गावर पिटाळतात. बारा युरो भरा आणि पुढे चला.

इटली: इथे नीट लक्ष द्या

महामार्ग ही कल्पनाच इटलीची म्हणायला हरकत नाही. मिलानहून सरोवरांकडे जाणारा टोलचा मोटररस्ता १९२४ मध्ये उघडला, फक्त मोटारींसाठी बांधलेल्या जगातल्या पहिल्या रस्त्यांत तो धरला जातो. म्हणजे टोल घ्यायचा त्यांना शंभर वर्षांचा सराव आहे, आपल्याला भरायचा नाही.

ब्रेनर ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर विपितेनोला पहिला नाका लागतो. इथे पैसे द्यायचे नसतात, तिकीट घ्यायचं असतं. गाडी यंत्राला अगदी खेटून उभी करा. आपल्याला उजवीकडे बसायची सवय, तिथे डावीकडे बसलेलो असतो, त्यामुळे अंदाज चुकतो आणि हात यंत्रापर्यंत पोहोचत नाही. मग दार उघडावं तर खांबाला आपटतं. बटण दाबा, तिकीट ओढा, दांडा वर जाईल. तिकीट घेतलं की ते सनवायझरला लावा, आणि घरातल्या एकाच माणसाला त्याचा राखणदार नेमा. तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासून आलात असं धरून पैसे घेतात.

हेच तिकीट पुढे रस्ता बदलला तरी चालतं. ए२२ वरून मोडेनाला ए१ वर आलात आणि फ्लॉरेन्सला उतरलात, तरी हिशोब एकाच तिकिटावर होतो. रक्कम धरायची असेल तर दर शंभर किलोमीटरला आठ-नऊ युरो धरा. शहरांच्या आसपास काही ठिकाणी तिकीट नसतं, वाटेत नाका येतो आणि ठरावीक रक्कम द्यावी लागते, आपल्याकडच्यासारखी.

बाहेर पडताना लेन निवडणं हाच खरा खेळ. नाक्याच्या तीनशे मीटर अलीकडूनच वर बघायला लागा.

पिवळी पाटी आणि त्यावर टेलेपास: हा त्यांचा फास्टॅग. यंत्र नसेल तर या लेनमध्ये अजिबात जाऊ नका. निळी पाटी, त्यावर कार्डाचं चित्र आणि 'कार्ते' हा शब्द: फक्त कार्ड. पांढरी पाटी, त्यावर नोटा-नाण्यांचं चित्र: रोख घेतात, आणि बऱ्याचदा कार्डही. काही लेनवर पिवळा आणि दुसरा रंग शेजारी शेजारी असतात, तिथे दोघांनाही वाट असते. पहिल्या दिवशी पांढऱ्या पाटीची लेन धरा. रांग थोडी मोठी असते, पण एखाद्या खिडकीत माणूसही भेटतो.

यंत्रासमोर क्रम असा: आधी तिकीट आत घाला, पडद्यावर रक्कम दिसेल, मग कार्ड लावा किंवा टॅप करा. यंत्र इटालियनमध्ये बोलायला लागलं की घाबरू नका, शेवटी ते 'आरिवेदेर्ची' म्हणतं तेव्हा तुमचे पैसे पोहोचले असं समजा. पावती हवी असेल तर वेगळं बटण असतं. घ्या, ती पुढे उपयोगी पडते.

चुकून पिवळ्या लेनमध्ये शिरलात तर? मागे घेऊ नका. महामार्गावर उलटी गाडी घेणं हा इटलीत फार मोठा गुन्हा आहे, दंड टोलच्या कित्येक पट आणि मागून येणाऱ्या ट्रकचा धोका वेगळा. मदतीचं बटण दाबा आणि थांबा. कार्ड चाललं नाही, नाणी संपली, तरी हेच करायचं. पलीकडून कुणीतरी बोलेल, इंग्रजीत 'नो पेमेंट' एवढं म्हटलं तरी पुरे. ते दुरूनच नंबरप्लेट टिपून घेतात, यंत्रातून एक लांबट चिठ्ठी येते आणि दांडा उघडतो. ती चिठ्ठी म्हणजे दंड नाही. ती उधारीची पावती आहे. पंधरा दिवसांत तिच्यावरच्या नंबराने ऑनलाइन भरलंत तर मूळ टोलच द्यावा लागतो, वर काही नाही. त्याच रात्री हॉटेलवर भरून टाका. फेकून दिलीत तर मात्र ती चिठ्ठी भाड्याच्या कंपनीमार्गे पुण्याला येते.

आता कॅमेऱ्यांचे रस्ते. मिलानच्या उत्तरेचा ए३६, म्हणजे पेदेमोन्ताना, आणि त्याला जोडलेले कोमो आणि वारेसे या गावांचे बाह्यवळण रस्ते ए५९ आणि ए६०, यांच्यावर नाके नाहीतच. मालपेन्सा विमानतळावर उतरून कोमो सरोवराकडे निघालात तर नकाशा तुम्हाला हमखास यातल्या एकावर घालतो. रस्त्याच्या सुरुवातीला पाटी असते, पण नव्या देशात पहिला अर्धा तास माणूस पाट्या कुठे वाचतो? पेदेमोन्तानाच्या साइटवर किंवा ॲपवर नंबरप्लेट टाकून पंधरा दिवसांत भरता येतं. रस्त्यावरून गेल्यावर लगेच नोंद दिसतेच असं नाही, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा. तोवर विसरू नये म्हणून मोबाइलवर गजर लावा. मी आता लावते.

इटलीत टोल नसलेल्या दोन गोष्टी टोलपेक्षा जास्त पैसे काढतात, म्हणून त्या इथेच सांगते. एक, मिलानच्या मध्यभागातला एरिया सी. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात आत शिरलात की दिवसाचे साडेसात युरो, आणि ते दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत भरायचे. माझं मत विचाराल तर गाडी बाहेरच्या मेट्रो स्टेशनवरच्या वाहनतळात लावा आणि मेट्रोने जाऊन दुओमो, म्हणजे तिथलं मोठं चर्च, बघा.

दुसरी, झेडटीएल. फ्लॉरेन्स, पिसा, व्हेरोना, बोलोन्या, जवळजवळ प्रत्येक जुन्या गावात मधला भाग परक्या गाड्यांना बंद असतो. पांढऱ्या वर्तुळाला लाल कड आणि खाली पाटीत वेळा. शेजारी विजेची पाटी असेल आणि तिच्यावर 'वार्को आत्तिव्हो' असं असेल तर त्याचा अर्थ "दार चालू आहे" असा वाटतो. चालू आहे ते दार नव्हे, कॅमेरा. 'नॉन आत्तिव्हो' असेल तेव्हाच जा. तुमचं हॉटेल या भागात असेल तर ते तुमची नंबरप्लेट पालिकेकडे नोंदवून देऊ शकतात, पण तुम्ही आधी ईमेल केला तरच. एका फेरीत तीन कॅमेऱ्यांखालून गेलात तर तीन दंड येऊ शकतात, प्रत्येक ऐंशी युरोंच्या पुढे.

स्वित्झर्लंड: एकदाच भरा, मग विसरा

इथे फार सांगण्यासारखं नाही आणि तेच त्याचं सुख आहे. १९८५ पासून व्हिन्येट आहे, किंमत ४० फ्रँक, आणि तो फक्त वर्षाचाच मिळतो. दोन दिवसांसाठी गेलात तरी पूर्ण ४०. कुरकुर करून उपयोग नाही, पहिल्याच बोगद्यात ते वसूल झाल्यासारखं वाटतं. चालू वर्षाचा व्हिन्येट आदल्या १ डिसेंबरपासून पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत, म्हणजे चौदा महिने चालतो.

२०२३ च्या ऑगस्टपासून तो नंबरप्लेटवर डिजिटल मिळतो. स्विस सीमाशुल्क खात्याच्या साइटवरून मिलानच्या हॉटेलात बसूनच घ्या, म्हणजे कियास्सोच्या सीमेवर स्टिकर घ्यायला थांबावं लागत नाही. न घेता सापडलात तर २०० फ्रँक दंड आणि वर व्हिन्येटची किंमतही.

गोटहार्डचा जवळजवळ सतरा किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा, १९८० पासूनचा, याच ४० फ्रँकांत येतो. सुट्टीच्या शनिवारी त्याच्या तोंडाशी दोन-दोन तास रांग लागते. तेव्हा सान बर्नार्दिनोवरून जाणारा ए१३ धरा, तोही त्याच व्हिन्येटमध्ये. उन्हाळ्यात गोटहार्ड, फुर्का, ग्रिमसेल, सुस्टन या घाटांना टोल नाही. वेळ असेल तर बोगदा सोडा आणि घाटच चढा. फक्त ग्रँड सेंट बर्नार्डचा बोगदा आणि लिविन्योकडे जाणारा मुंट ला शेरा बोगदा यांचे पैसे वेगळे आहेत.

झुरिकहून म्युनिकला परतताना सांक्ट गालेनवरून जाता, वाटेत ऑस्ट्रियाचा चिंचोळा तुकडा लागतो. तिथे होहेनेम्सपासून जर्मन सीमेपर्यंतच्या ए१४ ला व्हिन्येट लागत नाही. तुमचा दहा दिवसांचा संपलेला असला तरी या एका तुकड्यासाठी नवा घेऊ नका.

वाट वाकडी केलीत तर

फ्रान्समध्ये इटलीसारखंच तिकीट आहे. नारिंगी 't' म्हणजे यंत्रवाल्यांची लेन, ती सोडा. हिरवा बाण म्हणजे सगळ्यांची. नऊ आसनी गाडीच्या टपावर सामानाची पेटी लावलीत आणि उंची दोन मीटरच्या वर गेली तर यंत्र तुम्हाला वरच्या वर्गात टाकतं आणि टोल वाढतो. पॅरिस ते नॉर्मंडीच्या ए१३ आणि ए१४ वरचे नाके २०२४ मध्ये काढून टाकले, आता तिथे कॅमेरे आहेत आणि भरायला ७२ तास. पाटीवर 'फ्ल्यू लिब्र' असे शब्द असतात, ते दिसले की राखणदाराने मोठ्याने वाचावे. इटलीतून शामोनीला माँ ब्लाँ बोगद्याने जायचा बेत असेल तर एकेरी टोल पन्नास युरोंच्या वर आहे. परत त्याच वाटेने येणार असाल तर जातानाच जाण्या-येण्याचं तिकीट काढा, बरंच स्वस्त पडतं.

स्लोव्हेनियात ब्लेड सरोवर बघायला गेलात तर तिथला व्हिन्येट पूर्ण डिजिटल आहे, आठवड्याचा १६ युरोंना, दार्स या सरकारी कंपनीच्या साइटवर. दंड ३०० युरोंपासून पुढे. ऑस्ट्रियातून येताना कारावांकन बोगद्याचे पैसे वेगळे.

युरोपातच राहणाऱ्या आणि दर उन्हाळ्यात दक्षिणेला उतरणाऱ्या मराठी मंडळींनी फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल या चारही देशांत चालणारं एकच टोलयंत्र घ्यावं. सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना त्याची गरज नाही.

घरी आल्यावर

सगळ्या पावत्या, डिजिटल व्हिन्येटचे ईमेल, इटलीतली लांबट चिठ्ठी आणि ती भरल्याचा पुरावा, हे एका फोल्डरमध्ये ठेवा आणि निदान दीड वर्ष ठेवा. परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस पाठवायला इटलीतल्या यंत्रणेला ३६० दिवस मिळतात, आणि ती ते पुरेपूर वापरते.

आधी येतो तो भाड्याच्या कंपनीचा ईमेल: आम्ही तुमची माहिती अमुक पालिकेला दिली, त्याचे इतके पैसे कापले. तो दंड नव्हे, त्यांची फी आहे. खरा दंड किंवा टोल नंतर वेगळ्या पत्राने येतो. फी कापली म्हणजे मिटलं असं समजून पुष्कळ जण ते दुसरं पत्र रद्दीत टाकतात. पत्रात गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि ठिकाण तपासा, तुमच्या नंबरप्लेटच्या फोटोशी ताडून बघा. बरोबर असेल आणि इटलीतला वाहतुकीचा दंड असेल तर पाच दिवसांत भरल्यास ३० टक्के सूट मिळते. चूक असेल, म्हणजे तुम्ही तो टोल भरलेला असेल, तर पावती जोडून उत्तर पाठवा. आमच्या दुसऱ्या सहलीनंतर असं एक पत्र आलं. ऑनलाइन भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, आठवड्याने दोन ओळींचं उत्तर आलं, आणि प्रकरण तिथेच मिटलं. स्क्रीनशॉट घेतला होता तो सासूबाईंनी.